पैसा आधी शाखेला मिळतो, मग माणसाला

ग्रँट मागणाऱ्यांत मी बरीच वर्षं काढली. प्रपोजल लिहायचं, परीक्षकांचे शेरे वाचायचे, सुधारून पुन्हा पाठवायचं. मग एका खासगी संशोधन-निधीने मला त्यांच्या वाटप-समितीवर बोलावलं आणि मी मागणाऱ्यांतून देणाऱ्यांत गेले. पहिल्या बैठकीआधी जे कागद आले त्यांत एकही प्रपोजल नव्हतं. एक तक्ता तेवढा होता. डावीकडे शाखांची नावं, पुढे मागच्या वर्षांचे टक्के आणि शेवटी एक कोरा रकाना. तो रकाना भरणं हेच समितीचं काम.

गणिताला किती, वैद्यकाला किती, सामाजिक शास्त्रांना किती, हे असं आधी ठरतं. नंतर त्या त्या शाखेचं परीक्षक-मंडळ बसतं आणि आपल्या वाट्यात बसतील तेवढीच प्रपोजलं निवडतं. उमेदवारापर्यंत पोचतो तो या दुसऱ्या टप्प्याचा निकाल: गुण इतके, क्रमांक इतका, शेरा असा. आपल्या शाखेला मुळात किती पैसा आला आणि तो तेवढाच का, हे त्याला कोणी सांगत नाही, कारण ते कुठे लिहिलेलंच नसतं. मला या लेखात सांगायचंय ते या पहिल्या टप्प्याबद्दल.

मी संख्याशास्त्राची. वैद्यकीय संशोधनातली आकडेमोड हा माझा रोजचा उद्योग. कोणत्याही एका शाखेची वकिली न करणारं माणूस हवं, म्हणून मला घेतलं असावं. समितीत एक गणितज्ञ होते, कणभौतिकीत आयुष्य घालवलेले एक ज्येष्ठ प्राध्यापक होते, संसर्गजन्य रोगांच्या एक डॉक्टर, एक अर्थतज्ज्ञ, नव्या पदार्थांवर काम करणाऱ्या एक अभियंता, आणि अध्यक्षपदी एक इतिहासकार बाई. निधीचं नाव सांगत नाही. त्याने फरकही पडत नाही, कारण पुढे जे सांगतेय ते थोड्याफार फरकाने सगळीकडे असंच चालतं.

तक्त्यातल्या शाखा तरी कुठून आल्या? 1963 मध्ये इटलीतल्या फ्रास्काती या गावी ओईसीडी या प्रामुख्याने श्रीमंत देशांच्या आर्थिक संघटनेचे तज्ज्ञ जमले आणि संशोधनावरचा खर्च कसा मोजायचा याची एक पुस्तिका तयार झाली. तिच्या आजच्या आवृत्तीत सहा मुख्य शाखा आहेत: नैसर्गिक विज्ञान, अभियांत्रिकी व तंत्रज्ञान, वैद्यक व आरोग्य, कृषी व पशुवैद्यक, सामाजिक शास्त्रं, मानव्यविद्या व कला. देशादेशांची आकडेवारी याच कप्प्यांत गोळा होते. मोजायला केलेले हे कप्पे कधीतरी वाटायलाही वापरले जाऊ लागले, आणि दोन कप्प्यांच्या मध्ये पडणारे विषय अडचणीत आले. सर्पदंश घ्या. विषाचं रसायन नैसर्गिक विज्ञानात, रुग्णावरचे उपचार वैद्यकात, घोड्याच्या रक्तातून प्रतिविष काढायचं तर पशुवैद्यक लागतं, आणि साप कोणाला चावतो, तो माणूस दवाखान्यात किती तासांनी पोचतो, हा सामाजिक शास्त्रांचा प्रश्न. चार कप्प्यांत थोडं थोडं, आणि कुठल्याही कप्प्यात वरच्या नंबरावर नाही. हे उदाहरण मुद्दाम आत्ताच देतेय. समितीत माझं सगळं भांडण पुढे यावरूनच झालं.

कामाला सुरुवात झाली ती मागच्या वर्षीचे टक्के जसेच्या तसे कोऱ्या रकान्यात उतरवून. हा मसुदा, आता यात काय बदलायचं ते बोला, असं अध्यक्षबाई म्हणाल्या. याला आळस म्हणता येणार नाही. संशोधनाचे प्रकल्प तीन-पाच वर्षं चालतात, त्यामुळे यंदाच्या पैशातला मोठा हिस्सा आधीच दिलेल्या शब्दांत अडकलेला असतो. हलवता येतो तो उरलेला भाग. पण मसुदा म्हणून जुना आकडा समोर असला की बदल मागणाऱ्याला कारण द्यावं लागतं आणि आहे तसं ठेवणाऱ्याला काहीच द्यावं लागत नाही. माझ्या मते सगळ्यात मोठा निर्णय तिथेच होऊन जातो.

सरकारी पातळीवर तर हा प्रश्न विचारायला जागाच नसते. अमेरिकेत वैद्यकीय संशोधनाचा पैसा मुख्यतः एनआयएचकडे (नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थ) जातो आणि गणित, भौतिकी, रसायन, संगणक, अभियांत्रिकी, सामाजिक शास्त्रं यांतल्या मूलभूत कामाचा बराचसा पैसा एनएसएफकडून (नॅशनल सायन्स फाउंडेशन) येतो. अलीकडच्या वर्षांत पहिलीचं अंदाजपत्रक 4,700 कोटी डॉलरच्या आसपास, दुसरीचं 900 कोटींच्या आसपास. म्हणजे पाचास एक. हे प्रमाण कोणीही, कधीही, एका बैठकीत बसून ठरवलेलं नाही. तिथल्या संसदेत एनआयएचचा पैसा कामगार, आरोग्य आणि शिक्षण खात्यांच्या उपसमितीसमोर येतो, तर एनएसएफचा वाणिज्य आणि न्याय खात्यांच्या उपसमितीसमोर, नासाच्या शेजारी. एनएसएफला जास्त द्यायचं तर ते नासाकडून किंवा न्याय खात्याकडून काढावं लागतं. एनआयएचकडून काढता येत नाही. कर्करोग विरुद्ध गणित अशी चर्चा होत असेल, असं बाहेरून वाटतं. प्रत्यक्षात हे दोघं एका खोलीत येतच नाहीत. आमच्यासारख्या लहान निधीत ते येतात, म्हणून मला ही बैठक फार मोलाची वाटत होती.

मसुद्यावर पहिली सूचना आली ती मागणीची. अर्थतज्ज्ञ सर म्हणाले, आपण कोण ठरवणारे? ज्या शाखेतून जितक्या पैशांची मागणी आली, त्या प्रमाणात द्या. कागदावर हे फार न्याय्य दिसतं आणि मोठमोठ्या ठिकाणी ते चालतंही. 2007 मध्ये सुरू झालेल्या युरोपियन रिसर्च कौन्सिलमध्ये परीक्षक-मंडळांचे वाटे त्यांच्याकडे आलेल्या प्रपोजलांच्या मागणीच्या प्रमाणात ठरतात. एनआयएचमध्ये हीच गोष्ट जरा आडवाटेने होते. तिथे प्रपोजलाला 1 ते 9 असे गुण मिळतात, 1 म्हणजे सर्वोत्तम. मग बऱ्याचशा अर्जांच्या बाबतीत त्या गुणांचं पर्सेंटाइल काढतात, आणि तेही त्याच परीक्षक-मंडळापुढे लागोपाठच्या तीन फेऱ्यांत आलेल्या अर्जांमध्ये. हेतू चांगला आहे: एक मंडळ सढळ हाताचं आणि दुसरं कंजूष असलं तरी उमेदवाराचं नुकसान होऊ नये. पण याचा अर्थ असाही होतो की प्रत्येक मंडळाकडे आलेल्या अर्जांपैकी वरचे दहा टक्के हे दुसऱ्या कुठल्याही मंडळाच्या वरच्या दहा टक्क्यांइतकेच चांगले, हे आधीच धरून चाललो. एकदा ते धरलं की ज्या विषयात अर्ज जास्त त्या विषयात पैसा जास्त, हे ओघानेच आलं.

फळ्यावर मी एक सोपा हिशेब मांडला. समजा एका विषयात 400 प्रपोजलं आली आणि दुसऱ्यात 40, आणि दोन्हीकडे वीस टक्के मंजूर केली. पहिल्यात 80 प्रकल्प सुरू झाले, दुसऱ्यात 8. प्रत्येक प्रकल्पातून दोन पीएचडी बाहेर पडले तर काही वर्षांनी पहिल्या विषयात 160 नवी माणसं ग्रँट मागायला उभी राहतात, दुसऱ्यात 16. पुढच्या फेरीत मागणी मोजली की पहिल्या विषयाचं पारडं पुन्हा तितकंच जड, आणि दोघांतलं अंतर आणखी मोठं. आणि ज्या विषयात आज एकही अर्ज नाही, त्याला शून्याचे वीस टक्के. मागणी ही मागच्या वाटपाचीच सावली असते, असं मी म्हणाले. अर्थतज्ज्ञ सरांनी लगेच मान डोलावली नाही. पण मागणीचा आकडा मसुद्याशेजारी ठेवायचा, मसुद्याच्या जागी नाही, इथवर ते आले.

मग गुणांचा वाद निघाला. मला तो आधी क्षुल्लक वाटला होता, पण त्या दोन तासांत जे समजलं ते एरवी समजलं नसतं. कोणीतरी सुचवलं की शाखांमध्ये वाटे पाडूच नयेत. सगळी प्रपोजलं एका रांगेत लावा आणि वरून पैसे संपेपर्यंत देत जा. दिसायला सगळ्यात प्रामाणिक पद्धत. मी मागच्या फेऱ्यांची गुणपत्रकं मागवली आणि शाखेनुसार आलेख काढले. वैद्यकाच्या परीक्षकांनी सरसकट वरचे गुण दिले होते, बहुतेक सगळे ‘उत्कृष्ट’च्या घरात. गणिताच्या परीक्षकांनी ‘उत्कृष्ट’ क्वचितच वापरलं होतं. एका गणिती प्रपोजलाचा शेरा वाचला: ‘प्रमेय सिद्ध झालं तर या क्षेत्रातला एक जुना प्रश्न सुटेल.’ गुण मधले. आमच्या गणितज्ञांना विचारलं, सर, इतकं चांगलं लिहून गुण असे का? ते म्हणाले, ‘सिद्ध झालं तर ना. अजून झालेलं नाही.’ वैद्यकातल्या परीक्षकाला आपले गुण उमेदवाराच्या नोकरीवर परिणाम करतात हे पक्कं ठाऊक असतं, म्हणून तो हात सैल सोडतो. एका रांगेत लावलं असतं तर गणित पहिल्याच फेरीत गायब झालं असतं, आणि ते परीक्षकांच्या सवयीमुळे. दोन शाखांच्या गुणांची तुलना करायला लागणारा सामायिक माणूसच नसतो. दोन्हीकडचं नीट वाचू शकेल असा परीक्षक मिळाला तर गोष्ट वेगळी, पण कणभौतिकी आणि बालरोग दोन्ही जाणणारं कोणी आमच्या माहितीत नव्हतं.

ही सूचना तिथेच मागे पडली. डॉक्टरबाईंनी तिसरी मांडली: ओझं मोजा. कोणत्या आजाराने किती माणसं मरतात, किती जणांची किती वर्षं अपंगत्वात जातात, त्या प्रमाणात पैसा. यावर 1999 मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आलेला एक अभ्यास त्यांनी समोर ठेवला. एनआयएचने 29 आजारांवर केलेला खर्च आणि त्या आजारांचं ओझं यांची त्यात तुलना होती. किती लोकांना आजार होतो, याच्याशी खर्चाचा संबंध दिसला नाही. मृत्यूंशी कमकुवत दिसला. अपंगत्व आणि अकाली मृत्यू मिळून जी वर्षं वाया जातात त्यांच्याशी सगळ्यात जास्त दिसला. एड्स, स्तनाचा कर्करोग, मधुमेह आणि स्मृतिभ्रंश यांना ओझ्याच्या मानाने सढळ पैसा मिळत होता. श्वसनमार्गाचे जुनाट विकार, पोटातला अल्सर आणि जन्माच्या आसपासचे विकार मागे पडले होते.

भौतिकीवाल्या सरांनी विचारलं ते रास्त होतं. ओझ्याच्या तक्त्यात गणित कुठे आहे? भाषाशास्त्र कुठे आहे? आणि ओझं मोठं असलं म्हणून पैसा ओतला की उत्तर निघतं का? एखाद्या आजारात पुढचं पाऊल कोणतं हेच कोणाला माहीत नसेल, तर पैशाने फक्त त्याच त्या प्रयोगांच्या आवृत्त्या वाढतील. डॉक्टरबाईंनी क्षयाचं उदाहरण दिलं. आजही क्षयावर वापरात असलेली एकमेव लस म्हणजे बीसीजी, आणि ती 1921 सालची. 2023 मध्ये क्षयाने साधारण साडेबारा लाख माणसं गेली. त्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांच्या बैठकीत देशांनी क्षयाच्या संशोधनावर 2027 पर्यंत दरवर्षी 500 कोटी डॉलर खर्च करायचं ठरवलं. तेव्हा होत होता तो खर्च 100 कोटींच्या आसपास. बाई म्हणाल्या, ‘पुढचं पाऊल माहीत नाही असं नाहीये सर. लसी चाचणीच्या उंबरठ्यावर उभ्या आहेत. मोठ्या चाचण्यांना पुरेसा पैसा नाही.’ खोली थोडा वेळ गप्प झाली, आणि मग अध्यक्षबाईंनी एक जुना लेख वाटला.

तो ॲल्विन वाइनबर्ग यांचा, 1963 चा. वाइनबर्ग अमेरिकेतल्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेचे संचालक होते. विज्ञानाच्या शाखांमध्ये निवड कशी करावी, यावर उघडपणे लिहिणाऱ्या पहिल्यांपैकी ते एक. ते दोन प्रकारच्या कसोट्या सांगतात. आतल्या दोन: हे क्षेत्र पुढे झेप घ्यायला तयार आहे का, आणि त्यातली माणसं खरोखर सक्षम आहेत का. यांची उत्तरं त्या क्षेत्रातलेच लोक देऊ शकतात. बाहेरच्या तीन: तंत्रज्ञानाला उपयोग, समाजाला उपयोग, आणि शेजारच्या शाखांना उपयोग. या तिसरीला ते वैज्ञानिक गुणवत्ता म्हणतात: जे क्षेत्र शेजारच्या शाखांवर जास्तीत जास्त प्रकाश टाकतं, त्याची गुणवत्ता जास्त. या निकषावर त्यांनी रेणवीय जीवशास्त्राला वर ठेवलं आणि उच्च-ऊर्जा भौतिकीला, म्हणजे कणभौतिकीलाच, खाली. आमच्या भौतिकीवाल्या सरांसमोर हा कागद ठेवणं अवघड होतं, पण त्यांनीच तो मोठ्याने वाचला आणि म्हणाले, कसोटी बरोबर आहे, निकालाबद्दल बोलू.

मला या लेखातली एक गोष्ट आजही सगळ्यात महत्त्वाची वाटते. बाहेरच्या कसोट्यांची उत्तरं क्षेत्राच्या आतून मिळत नाहीत. कणभौतिकीला किती द्यावं, हे कणभौतिकीच्या परीक्षकांना विचारून कळणार नाही. म्हणजे पहिला टप्पा कोणीतरी बाहेरच्यांनी, वाद घालून, कारणं देऊनच करायला हवा. तो टाळण्यासाठीच आपण मागणीचं सूत्र, पर्सेंटाइल, एकच रांग अशा यांत्रिक वाटा शोधतो.

मी त्यानंतर कार्यालयाकडे एक यादी मागितली: ज्या विषयांचं ओझं मोठं आहे पण ज्यावर आपल्याकडे प्रपोजल आलेलंच नाही, असे विषय. अशी यादी नव्हती, आणि असूही शकत नव्हती. त्यांच्या संगणकात होती ती आलेली प्रपोजलं. न आलेल्याची नोंद कोण ठेवणार? म्हणून मी स्वतः बसले. जागतिक आरोग्य संघटनेची आजारांची कोष्टकं एका खिडकीत, निधीचा शोधखिडकीवाला जुना डेटाबेस दुसऱ्या खिडकीत. एकेक विषय टाकत गेले. ‘सर्पदंश’ टाकलं, काही नाही. ‘प्रतिविष’ टाकलं, काही नाही. ‘विष’ टाकल्यावर मोजकी प्रपोजलं वर आली, आणि एकेक उघडून पाहिलं तर सगळी दुसऱ्याच कामाची: वेदनाशामक औषध, रक्त गोठण्याची क्रिया, चेतापेशींमधल्या आयनवाहिन्या. सापाचं विष हे प्रयोगशाळेतलं साधन म्हणून होतं. साप चावलेला माणूस कुठेच नव्हता.

जगात दरवर्षी साप चावून मरणाऱ्यांचा अंदाज 81 हजार ते 1 लाख 38 हजार असा आहे. अवयव कापावे लागणारे किंवा कायमचे अपंग होणारे त्याच्या साधारण तिप्पट. प्रतिविष तयार करायची मूळ पद्धत 1890 च्या दशकातली, आल्बेर काल्मेत यांच्या काळातली: प्राण्याला विषाचे थोडे थोडे डोस द्यायचे आणि त्याच्या रक्तातल्या प्रतिपिंडांचं औषध करायचं. आजही बहुतेक ठिकाणी घोडाच लागतो. आणि याच विषाने वैद्यकाला काय दिलंय? 1940 च्या दशकाच्या अखेरीस ब्राझीलमध्ये रोशा ए सिल्वा आणि सहकाऱ्यांनी जराराका सापाचं विष वापरून ब्रॅडिकायनिन हे रक्तवाहिन्या सैल करून रक्तदाब उतरवणारं द्रव्य शोधलं. पुढे सेर्जिओ फेरेरा यांनी त्याच विषातून ब्रॅडिकायनिनचा परिणाम वाढवणारा घटक वेगळा केला, आणि त्या धाग्यावरून कॅप्टोप्रिल हे रक्तदाबाचं औषध तयार झालं. 1981 मध्ये त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली. या घराण्यातली औषधं आज कोट्यवधी लोक घेतात. विषावरचा पैसा रक्तदाबाकडे वळला, कारण रक्तदाबाचे संशोधक, त्यांच्या परिषदा, त्यांची परीक्षक-मंडळं आणि औषध विकत घेणारे रुग्ण, सगळं तिथे होतं. सर्पदंशाचे रुग्ण शेतात काम करणारे, गरीब, दवाखान्यापासून लांब. त्यांच्या बाजूने बोलणारं मंडळच नव्हतं. जागतिक आरोग्य संघटनेने सर्पदंशाला दुर्लक्षित उष्णकटिबंधीय आजारांच्या यादीत घेतलं ते 2017 मध्ये. 2019 मध्ये ब्रिटनच्या वेलकम ट्रस्ट या धर्मादाय निधीने या एका विषयासाठी सात वर्षांत 8 कोटी पौंड देण्याचं जाहीर केलं. हे आपोआप झालं नाही. कोणीतरी न आलेल्या अर्जांकडे बघायचं ठरवलं, तेव्हा झालं.

हे सगळं समितीपुढे मांडताना माझा आवाज चढला होता आणि मला त्याचं काही वाटत नाही. जे मरतात त्यांच्या आकड्यांवर मी रोज काम करते. प्रपोजल आलं नाही म्हणून विषय नाही, हे मला ऐकून घेता येत नव्हतं.

पण मग सगळंच हलवून टाकायचं का? इथे भौतिकीवाल्या सरांचं ऐकणं भाग होतं. त्यांनी टेक्सासमधल्या सुपरकंडक्टिंग सुपर कोलायडर या, कण एकमेकांवर आदळवणाऱ्या प्रचंड यंत्राची हकीकत सांगितली. 87 किलोमीटर परिघाचं वर्तुळ खणायचं होतं. सुमारे 23 किलोमीटर बोगदा खणून झाला, 200 कोटी डॉलर खर्च झाले आणि ऑक्टोबर 1993 मध्ये तिथल्या संसदेने प्रकल्प रद्द केला. भौतिकीतलेच काही मोठे लोक या प्रकल्पाच्या विरोधात बोलले होते, नोबेल मिळालेले फिलिप अँडरसन त्यांत होते. इतका पैसा एका यंत्रात गेला तर बाकीच्या भौतिकीचं काय, हा त्यांचा मुद्दा. प्रकल्प बंद झाला, पण वाचलेला पैसा काही त्या बाकीच्या भौतिकीकडे आला नाही. सर म्हणाले, ‘एका शाखेचं काढलं की दुसरीला मिळतं, असं गृहीत धरू नका. आणि अर्ध्यावर काढलंत तर दोन्हीकडचं जातं.’

उलट दिशेचं उदाहरणही आहेच. 1998 ते 2003 या काळात एनआयएचचं अंदाजपत्रक जवळजवळ दुप्पट झालं. विद्यापीठांनी नव्या इमारती बांधल्या, नवी माणसं घेतली, आणि त्यांचे पगार ग्रँटमधून निघतील असं धरलं. मग वाढ थांबली. अर्ज मात्र वाढतच राहिले आणि मंजुरीचं प्रमाण साधारण 30 टक्क्यांवरून 20 टक्क्यांच्या आसपास घसरलं. सगळ्यात जास्त झळ लागली ती नुकतीच प्रयोगशाळा मांडलेल्या तरुणांना. माणूस घडवायला दहा वर्षं लागतात आणि निधी वर्षावर्षाला हलतो. या दोन वेगांचा मेळ बसला नाही, तर पैसा वाढवूनही नुकसान होतं.

चिठ्ठी टाकण्याची सूचनाही आली होती. न्यूझीलंडच्या हेल्थ रिसर्च कौन्सिलने 2013 मध्ये काही ग्रँट सोडतीने द्यायला सुरुवात केली, स्वित्झर्लंडच्या राष्ट्रीय निधीने 2021 मध्ये बरोबरीच्या प्रपोजलांसाठी सोडत आणली. शाखेच्या आत, काठावरच्या दहा प्रपोजलांत फरक करता येत नसेल, तर मला ती मान्य आहे. शाखांमध्ये मात्र तिचा उपयोग नाही. जो अर्ज आलाच नाही त्याची चिठ्ठी डब्यात नसते.

शेवटी ठरलं ते असं. कोणत्याही शाखेचा वाटा एका वर्षात थोड्याच टक्क्यांनी बदलायचा, चालू प्रकल्पांना हात लावायचा नाही. मागणी आणि ओझं दोन्ही आकडे तक्त्यात ठेवायचे, पण दोन्हीपैकी कशालाही सूत्र करायचं नाही. प्रत्येक वाट्यापुढे कारण लिहायचं आणि ते अर्जदारांना वाचायला द्यायचं. हा ठराव मी मांडला आणि त्याला सगळ्यात जास्त विरोध झाला. ‘कारण लिहिलं की त्यावर भांडण होईल,’ असं अर्थतज्ज्ञ सर म्हणाले. व्हायलाच हवं, असं माझं म्हणणं होतं. अध्यक्षबाईंच्या मताने ठराव पास झाला. आणि चौथं: एक लहानसा हिस्सा कोणत्याही शाखेला न देता बाजूला काढायचा, आणि तो जिथून अर्ज येत नाहीत अशा विषयांसाठी आपणहून माणसं शोधून द्यायचा.

हा हिस्सा मुख्यतः वैद्यकाच्या वाट्यातून निघाला, कारण तोच सगळ्यात मोठा होता. डॉक्टरबाई माझ्याच बाजूच्या, तरी त्यांनी स्पष्ट सांगितलं की यामुळे यंदा काही चांगली प्रपोजलं पडतील, आणि ती बहुधा पहिल्यांदा अर्ज करणाऱ्यांची असतील. ते खरंच झालं. पडलेल्या प्रपोजलांतली दोन मी नंतर वाचली. दोन्ही मंजूर व्हावीत अशी होती. शाखांमध्ये पैसा हलवणं म्हणजे कोणाच्या तरी चांगल्या कामाला नाही म्हणणं. ते डोळ्यांसमोर ठेवून म्हणावं, एवढंच माझं म्हणणं आहे. सूत्राच्या आडून म्हणू नये.

बाजूला काढलेल्या पैशासाठी माणसं शोधताना वाइनबर्गची शेजारवाली कसोटी फार कामाला आली. सर्पदंशाचे संशोधक मोजके, पण प्रथिनांची रचना संगणकावर करणारे पुष्कळ. 2025 च्या सुरुवातीला डेव्हिड बेकर यांच्या गटाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नागाच्या कुळातल्या सापांच्या विषात असणाऱ्या काही घातक प्रथिनांना निष्प्रभ करणारी प्रथिनं संगणकावर रचून दाखवली, आणि उंदरांवर त्यांचा उपयोगही झाला. म्हणजे माणसं शेजारच्या शाखेत आहेतच, त्यांना इकडे वळायला कारण हवं. आम्ही थोड्या रकमेच्या, कमी कागदांच्या ग्रँट ठेवल्या. अट एकच, की आधी या विषयावर काम केलेलं नसलं तरी चालेल, पण विषय ओळखणारा एक जोडीदार हवा. प्रथिनं रचणाऱ्यासोबत पशुवैद्य, संख्याशास्त्रज्ञासोबत ग्रामीण दवाखान्यातला डॉक्टर. अर्ज आले. मागणी नव्हती असं नाही, तिला यायला वाट नव्हती.

आता प्रश्न आहे तो या प्रकल्पांना तीन वर्षांनी तपासायचं कसं. शोधनिबंध मोजले तर नवा विषय जुन्या विषयापुढे हरणारच. समितीत सध्या असं घाटतंय की पहिल्या तपासणीत निबंधांची संख्या विचारायचीच नाही. त्याऐवजी विचारायचं की या विषयात पूर्णवेळ काम करणारी नवी माणसं किती झाली, त्यांतलं कोणी दुसऱ्या निधीकडे मागायला गेलं का, आणि रुग्ण पाहणाऱ्या डॉक्टरांनी त्यांच्या कामातलं काही वापरून पाहिलं का. निकषांचा मसुदा भौतिकीवाले सर आणि डॉक्टरबाई मिळून लिहिताहेत. क्षयाच्या लसचाचण्यांना यातून काही देता येईल का, यावर त्या दोघांचं अजून जमलेलं नाही. बाईंचं म्हणणं, ओझं आहे आणि वाट माहीत आहे, द्या. सरांचं म्हणणं, मोठी चाचणी आपल्या रकमेत बसत नाही, अर्धवट दिलं तर बोगदाच होईल. पुढच्या बैठकीत हा पहिला विषय आहे, आणि माझं मत बाईंच्या बाजूला आहे, इतर दोन निधी सोबत आले तर.